पायघरातली तिवई

ज्या वर्षी सुताराच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी मी झाले. मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. तीन बुटके पाय आणि वर एक गोल फळी, एवढाच माझा संसार.

सुताराने एकच पाळणा करून ठेवला होता. एकीच्या पाठोपाठ दुसरी आली आणि त्याची धांदल उडाली. नेमकं तेव्हाच चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला प्रवचनासाठी व्यासपीठ करायला सांगितलं होतं. उरलेलं लाकूड त्याने पाळकसाहेबांना विचारून घरी नेलं आणि दुसरा पाळणा केला. त्यातूनही जे उरलं, ती मी. म्हणजे व्यासपीठ हे माझं थोरलं भावंड आणि पाळणा मधला. दोघंही माझ्यापेक्षा उंच.

मीही आधी एवढी ठेंगणी नव्हते. पाळकसाहेबांच्या बहिणीने मला करून मागितलं होतं. सगळे त्यांना ताई म्हणत. सुताराने नेहमीच्या मापाची तिवई केली आणि पुढे ठेवली.

ताई बसल्या आणि म्हणाल्या, "उंच झाली."

सुताराने पाय कापले. ताई पुन्हा बसल्या. "अजून उंच आहे."

त्याने आणखी कापले. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा त्याने करवत खाली ठेवली. "ताई, आता हिच्याखाली फक्त जमीन राहिली. जमिनीवरच का नाही बसत?"

"बसले असते. पण मग उठायला वेळ लागतो, आणि पाणी मलाच आणायचं असतं," ताई म्हणाल्या.

त्याने पुन्हा एकदा कापलं. मग ताई बसल्या, समोर सुताराला बाकावर बसवलं, आणि त्याचा पाय त्यांच्या डोळ्यांसमोर आला. "आता बरोबर," त्या म्हणाल्या. सुताराने घाईघाईने पाय मागे ओढला. त्याच्या टाचेला भेगा होत्या.

पाय तीनच का, तेही सांगते. चर्चच्या मागे एक कोळसा ठेवायची खोली होती. तिथली फरशी अशी वरखाली की चार पायांचं काहीही ठेवलं तरी एक पाय अधांतरी राही. तीन पाय कुठेही ठेवा, डुगडुगत नाहीत. ती खोली ताईंनी झाडून, चुना मारून घेतली होती.

आमच्या शहरात नदी होती. नदीपलीकडे चुन्याच्या भट्ट्या, अलीकडे कापड रंगवायचे कारखाने, मध्ये धान्याचा बाजार आणि गाडीअड्डा. चुना पाय खातो. रंगाच्या पाण्यात दिवसभर उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत कातडी सुटते. पोती वाहणाऱ्यांच्या टाचा फाटतात. मोठा दवाखाना होता, पण दारावरचा शिपाई म्हणे, "आधी पाय धुऊन या." धुवायचे कुठे, ते त्याला विचारायची सोय नव्हती.

पाळकसाहेबांची संस्था त्या शहरात सेवा करायलाच आली होती. पाळकसाहेब दर आठवड्याला बाजारात उभे राहून गीतं म्हणत, प्रवचन करत. आवाज खणखणीत होता. लोक थोडा वेळ थांबत, मग निघून जात. ताई शेजारी पेटी वाजवायला असत. भाऊ वर आकाशाकडे बघून बोले, बहीण खाली बघे. तिला दिसलं की ऐकणाऱ्यांतले निम्मे एका पायावर उभे आहेत.

म्हणून खोली झाडली गेली आणि म्हणून मी झाले.

पाळकसाहेबांना ते फारसं रुचलं नव्हतं. "पाय धुतेस ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण निदान आधी एक प्रार्थना तरी घेत जा. नाहीतर आपल्यात आणि धोब्यात फरक काय?"

"प्रार्थना करते की," ताई म्हणाल्या. "पाणी तापेपर्यंत मनात होते. त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

ताईंचा नियम एकच होता. आलेल्या माणसाला पायाबद्दल विचारायचं, दुसरं काही नाही. नाव नको, जात नको, देव कोणता ते नको. आणि त्यांची एक रीत होती, ती मी फार जवळून पाहिली आहे. त्या पायाला लगेच पाणी लावत नसत. आधी टाचेखाली तळहात धरत आणि नुसत्या थांबत. नवा माणूस लाजलेला असतो. तो पाय हातात देतो, पण त्याचा भार देत नाही, मांडी ताठ करून पाय वरच्या वर धरून ठेवतो. ताई थांबत. हळूहळू पाय जड होई. पूर्ण जड झाला, की त्या म्हणत, "हं, आता माणूस बसला." मग पाणी.

बाहेर पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव होतं. ते कोणी वाचलं नाही. लोकांनी स्वतःच नाव ठेवलं, पायघर.

अशी काही वर्षं गेली आणि एके दिवशी भट्टीवरची एक बाई आली. ओल्या चुन्यात टाच भाजली होती. तिचा तोंडाचा पट्टा दारापासूनच सुरू होता.

"बसू का उभी राहू? बसले तर तुमचा बाक घाण होईल. आणि आधीच सांगते, मला बिचारी म्हणून कुरवाळू नका, मला रडू येतं. नवरा म्हणतो पाय कापतात इथे. कापतात का?"

ताई टाचेखाली हात धरून थांबल्या. ती बोलतच होती, भट्टीच्या मुकादमाबद्दल, सासूबद्दल, पावाच्या भावाबद्दल. बोलता बोलता पाय जड झाला आणि ती गप्प झाली. मग तिला जे नको होतं तेच झालं, तिला रडू आलं.

टाच भरायला दीड महिना लागला. शेवटची पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात उभी. ताईंनी विचारलं, "काय झालं? दुखतंय?"

"पाय बरा आहे. तुमचं पाणी कोण भरतं?"

"मीच भरते."

"दिसतंयच. निम्मं वाटेत सांडतं," ती म्हणाली, आणि बादली उचलून गेली. ती गेली ती नळावर, आणि नळावरून जी आली ती पुढे कायमचीच आली. सगळे तिला आक्का म्हणू लागले. पहिल्यांदा नुसतं पाणी, मग पट्ट्या उकळणं, मग नखं कापणं. ताईंची नजर मंदावली तशी आक्का त्यांच्या मागे उभी राहून सांगू लागली, कुठे लाल आहे, कुठे पांढरं पडलंय. एका हिवाळ्यात ताई अंथरुणाला खिळल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांना पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी आक्काने खोली उघडली, पाणी तापत ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्यावर बसली. ती ताईंपेक्षा जड होती. मला बरं वाटलं.

आता त्या माणसाबद्दल सांगते, ज्याच्या पायासाठी हे सगळं सांगायला घेतलं.

गाडीअड्ड्यावर एक घोडागाडीवान होता. त्याला सगळे राजे म्हणत, कारण तो कधी गाडीवरून खाली उतरत नसे. गिऱ्हाईक आलं तरी वरूनच बोले, सामान चढवायचं तर दुसऱ्याला हाक मारी. लोकांना वाटे, ऐट आहे. खरी गोष्ट अशी की राजेंना साखरेचा आजार होता. त्यांच्या उजव्या पायाला काही कळतच नसे, उतरताना पाऊल कुठे पडतंय तेही नाही. बुटातला खिळा वर येऊन तळव्यात घुसला आणि कित्येक दिवस ते त्याच्यावरच चालले. बायकोला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं.

जखम अंगठ्याच्या खाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ही रोज धुऊन, बांधून, कोरडी राहिली तर पाय राहील. नाही राहिली तर गुडघ्यापासून काढावा लागेल." घोडागाडीचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. पाय गेला की गाडी गेली, गाडी गेली की घोडा विकायचा. राजेंना मूलबाळ म्हणजे एक मुलगी, तीही सासरी. घरात बायको आणि घोडा.

ते रोज पायघरात येऊ लागले. आक्का पाणी आधी स्वतःच्या कोपराने बघे, कारण राजेंच्या पायाला गरम की गार हे समजत नसे. धुऊन झालं की बोटांच्या मधली जागा अशी टिपी, जणू काचेचं भांडं पुसतेय.

"घोड्याला इतकं पुसलं असतं तर तो मला मान देऊ लागला असता," राजे म्हणत.

"घोड्याला अक्कल आहे. त्याने खिळा पहिल्याच दिवशी दाखवला असता," आक्का म्हणे.

चार महिन्यांत जखम करंगळीच्या नखाएवढी राहिली. वास मात्र अजून होता. आणि तेवढ्यात संस्थेचा मोठा दिवस आला.

संस्थेच्या कामाला बरीच वर्षं झाली होती. बिशपसाहेब येणार होते आणि त्यांच्यासोबत दूरच्या मुख्य कचेरीतले पाहुणे, ज्यांच्या आधारावर पायघराची खोली, कोळसा आणि औषधं चालत. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे बिशपसाहेब बारा गरिबांचे पाय धुणार, असं ठरलं. ते माझ्यावर बसणार होते. संस्थेच्या चिटणीसांनी मला घासून तेल लावून घेतलं.

आक्काला मात्र आदल्या वेळची आठवण होती. काही वर्षांपूर्वी असेच पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी रंगाऱ्याचा पाय बघून नाकाला रुमाल लावला. मुद्दाम नाही, आपोआप लावला. पण रंगाऱ्याने ते पाहिलं, पाय बाकाखाली घेतला, आणि तो पुन्हा कधी आला नाही. आक्का त्याच्या घरी जाऊन आली तरी आला नाही.

"या वेळी माझ्या माणसांना कोणी रुमाल दाखवायचा नाही," ती म्हणाली.

म्हणून तिने समारंभाच्या आदल्या दिवशी बाराही जणांना बोलावलं आणि सगळ्यांचे पाय धुतले. नुसते धुतले नाहीत. टाचा खरवडल्या, नखं कापली, तेल चोळलं. रंगाऱ्यांच्या पायांचा निळा रंग जाईना म्हणून लिंबाने घासलं. शिवाय बारा जण निवडतानाही तिने बरे पायच निवडले होते. जखमा असलेल्यांना दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं.

एक हमाल म्हणाला, "आक्का, उद्या बिशपसाहेब धुणारच आहेत ना? मग आज कशाला?"

"तुझ्या घरी पाहुणा येणार असला की बायको आधी झाडते ना? मग."

"पण पाहुणा झाडायलाच येणार असेल तर?"

आक्काने त्याच्या पायावर जरा जोरात पाणी ओतलं. बाकीचे हसले. मित्रांनो, हमाल चेष्टेत बोलला होता. पण त्या खोलीत त्या दिवशी शहाणं असं तेवढंच बोललं गेलं.

राजे संध्याकाळी आले. आक्काचे हात थकले होते आणि खोली स्वच्छ धुऊन झाली होती. ती दारातच म्हणाली, "राजे, आज नको. उद्याही नको. परवा या."

"डॉक्टर रोज म्हणाले."

"दोन दिवसांनी काही होत नाही. उद्या पाहुणे आहेत आणि तुमच्या पायाला अजून वास आहे."

राजे म्हणाले, "बरं." आणि गेले. घोडागाडीवर चढताना त्यांनी कोणाचीही मदत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. बिशपसाहेब वयस्कर, मनाने चांगले होते. माझ्यावर बसताना त्यांचे गुडघे वाजले. त्यांनी एकेकाचा पाय घेतला, पाणी घातलं, टॉवेलने पुसला, आणि ते मनापासून करत होते, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. पण घमेल्यातलं पाणी मी जवळून पाहत होते. बारा जणांचे पाय धुऊन झाले आणि पाणी जसंच्या तसं स्वच्छ राहिलं.

कोणी रुमाल काढला नाही. पाहुण्या बाई म्हणाल्या, "किती छान पाय आहेत सगळ्यांचे." आक्काचा जीव भांड्यात पडला. मग पाहुण्यांतले प्रमुख उभे राहिले. त्यांनी देवाचे आभार मानले की इतक्या वर्षांच्या सेवेला फळ आलं आणि या शहरातल्या गरिबांचे पाय बरे झाले. आता संस्थेने पुढचं पाऊल टाकावं, ते म्हणाले. या खोलीत वाचनालय काढावं.

टाळ्या वाजल्या. पाळकसाहेब घमेल्याशेजारी उभे होते. आता तेही म्हातारे झाले होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, आणि मूग गिळून राहिले.

दोन दिवसांनी चिटणीस मजूर घेऊन आले. भिंतींना रंग द्यायचा होता.

"अहो, पण ते पाय मी आदल्या दिवशी धुतले होते," आक्का म्हणाली.

"मग चांगलंच केलंत की."

"तसं नव्हे. ते रोज तसे नसतात. आणि वाईट पाय मी घरी बसवले होते."

चिटणीस वाईट माणूस नव्हते. ते डोकं खाजवत म्हणाले, "आक्का, पाहुण्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बिशपसाहेबांनी स्वतःच्या हातांनी धुतलं. आता मी त्यांना काय सांगू, की आम्ही तुम्हाला फसवलं?"

आक्काने पट्ट्यांचं गाठोडं बांधलं, मला काखेत मारलं आणि ती बाहेर पडली. मला नेऊ नका असं कोणी म्हणालं नाही. वाचनालयात माझा उपयोग नव्हता.

राजे "परवा" आले नव्हते, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. आक्काला वाटलं, बाहेरगावचं भाडं मिळालं असेल. खोलीच्या गडबडीत आठवडा गेला. आठव्या दिवशी ती मला घेऊन गाडीअड्ड्यावर गेली, तर राजे गाडीवर बसलेले. चेहरा तापाने लाल.

"पाय दाखवा," आक्का म्हणाली.

"पायघर बंद झालं ना?"

"झालं. पाय दाखवा."

"इथे? सगळ्यांसमोर?" राजे म्हणाले. "त्या दिवशी वास येत होता माझ्या पायाला. आज येत नाही का?"

आक्काने ते ऐकून घेतलं. उलट बोलली नाही, आणि ती उलट बोलली नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने मला गाडीच्या पायरीजवळ ठेवलं, बसली, आणि तळहात वर करून नुसती थांबली. अड्ड्यावरचे गाडीवान बघत होते. चहावाला बघत होता. घोड्याने मान वळवून पाहिलं. राजे दुसरीकडे तोंड करून बसले होते. बराच वेळ तसाच गेला. मग त्यांनी बूट काढला आणि पाय खाली सोडला.

टाच हातात आली, पण भार आला नाही. आक्का थांबली.

"तू मला दारातून परत पाठवलंस, आक्का," राजे वरूनच म्हणाले.

"हो," आक्का म्हणाली. "चुकलं माझं."

तेव्हा कुठे पाय जड झाला.

पट्टी जखमेला चिकटली होती. दोन बोटं काळी पडली होती. आक्काने चहावाल्याकडून गरम पाणी मागितलं. त्याने आढेवेढे घेतले. "आक्का, गिऱ्हाईक चहा पितंय आणि तू समोर हे उघडतेस."

"मग गिऱ्हाइकाचं तोंड तिकडे फिरव. पाणी दे."

त्याने दिलं. नुसतं दिलं नाही, किटली घेऊन शेजारी उभा राहिला.

त्याच दिवशी राजेंना दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "पाय अजून वाचू शकतो. पण रोज धुवायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. आमच्याकडे इतके दिवस खाट देता येणार नाही." आक्का म्हणाली, "खाट नको. मी आहे."

आणि मग ती रोज गाडीअड्ड्यावर जाऊ लागली. सकाळी पहिलं भाडं लागायच्या आधी राजे गाडीवर बसत आणि ती खाली माझ्यावर. धूळ, घोड्यांची लीद, माश्या, सगळं होतं. ती चारी बाजूंनी ओल्या चादरी टांगून आडोसा करी, पट्ट्या घरून उकळून बंद डब्यात आणी. जखम कधी भरल्यासारखी वाटे, कधी पुन्हा लाल होई. एकदा लाली घोट्यापर्यंत चढली. त्या आठवड्यात आक्का घरी जाऊन जेवली की नाही, मला शंका आहे. राजेंची बायको येऊन अड्ड्यावर बसून राही.

लाली उतरली.

इतर गाडीवान पहिल्यांदा चेष्टा करत. मग त्यांच्यातला एक जण इकडेतिकडे बघत जवळ आला आणि म्हणाला, "माझ्या नखाचं बघता का जरा? नसलं जमत तर राहू द्या." पुढच्या महिन्यात हमाल येऊ लागले, मग भट्टीवरच्या बाया. लिंबाने पाय घासून घेतलेला रंगारी आला तो निळा पाय घेऊनच.

एका सकाळी पाळकसाहेब आले. त्यांच्या हातात पायघरातलं जुनं घमेलं होतं.

"हे वाचनालयात नको होतं कोणाला," ते म्हणाले. घमेलं खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," आक्का म्हणाली. "आता बादली भरा."

त्यांनी भरली. निम्मी वाटेत सांडली. पुढे ते रोज येऊ लागले. बाजारात प्रवचन करणारा तो माणूस तिथे फार बोलत नसे. एकदा आक्काचा गुडघा आखडला तेव्हा तिने त्यांना माझ्यावर बसायला सांगितलं. ते बसले आणि त्यांनी दोन्ही हात बाजूला टेकवले, जणू समोर मंडळी बसली आहे.

"पाळकसाहेब, जपून," आक्का म्हणाली. "ती तिवई आहे, व्यासपीठ नाही."

राजे इतके हसले की घोडा दोन पावलं पुढे गेला.

पाळकसाहेबांनी पहिला पाय धुतला तो राजेंचा. त्यांना वास आला असणार, मलाही येत होता. त्यांनी तोंड फिरवलं नाही. धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "माझी बहीण रोज किती जणांचे करायची?"

"येतील तितक्यांचे," आक्का म्हणाली.

खोली परत मिळाली नाही. पाळकसाहेबांनी संस्थेच्या पंचांना सगळं खरं सांगितलं, पाहुण्यांनाही कळवलं. तिकडून उत्तर यायला फार वेळ लागला. पण एका वर्षाने राजेंची जखम पूर्ण बंद झाली. डॉक्टरांनी तळव्यावर अंगठा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता हा पाय तुमचा." राजे गाडीवरून खाली उतरले, अड्ड्याला एक फेरी चालून आले आणि पुन्हा वर चढले. लोकांना त्यांची उंची त्या दिवशी कळली. ते बरेच बुटके होते.

मग राजेंनीच सुचवलं. सकाळच्या वेळी गाडीला फारशी भाडी नसतात. त्यांनी मला, घमेल्याला, आक्काला आणि पाळकसाहेबांना गाडीत घातलं आणि भट्ट्यांवर नेलं. दुसऱ्या दिवशी रंगाच्या कारखान्यांवर, तिसऱ्या दिवशी धान्यबाजारात. बाक लागत नसे. माणूस गाडीत बसे, पाय खाली सोडे, आणि मी खाली असे. खोलीत यायला जे लोक कधी धजले नव्हते तेही गाडीजवळ आले. संस्थेने पुढे ते काम आपलं म्हणून मान्य केलं, औषधं देऊ लागली, दोन मुलींना शिकवून आक्काच्या हाताखाली दिलं.

आता तर संस्थेचा स्वतःचा दवाखाना आहे. पायांचा वेगळा विभाग आहे. तिथे रोग्याची खुर्ची कळ दाबली की वर जाते, आणि धुणारी नर्स चाकांच्या स्टुलावर बसते. चांगली सोय आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एवढंच की बरीच वर्षं मी जिन्याखाली होते, झाडूवाल्याची बादली माझ्यावर असे, आणि ओलीमुळे माझा एक पाय खालून कुजला. एका नर्सने मला ओळखलं, सुताराकडून पाय दुरुस्त करून घेतला आणि विभागाच्या दारात ठेवलं. नवी मुलगी कामाला लागली, की पहिले काही दिवस तिला माझ्यावर बसवतात. टाचेखाली हात धरून थांबायचं ती इथेच शिकते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय अधूनमधून बघत जा. तळवे बघा, बोटांच्या मधे बघा. त्यांना दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायला सांगा. आणि कुणाचं दुखणं दाखवायचं असेल, तर ते आधी पुसून, तेल लावून दाखवू नका. जसं आहे तसं दाखवा. बघणाऱ्याला रुमाल लावायचा तर लावू दे. एखाद्या लाकडाच्या वस्तूला ओलीत ठेवू नका, हेही सांगून ठेवते.

पाळकसाहेब गाडीचं काम सुरू झाल्यावर चौथ्या वर्षी वारले. त्यांना ताईंच्या शेजारी पुरलं. आक्काने माझ्यावर बसून शेवटचा पाय धुतला तेव्हा तिला उठवायला दोघी लागल्या. राजेंच्या मुलीला पहिला मुलगा झाला, त्या वर्षी उन्हाळ्यात आक्का झोपेत गेली. राजे तिच्यानंतर नऊ वर्षांनी गेले, घोडा विकल्यावर, घरीच, दोन्ही पायांनिशी.